तिसऱ्या दिवशीचा फोन: ग्राहकांसाठी वापराचे व्हिडिओ कसे करायचे

तवा कुरिअरनं पोचला की तिसऱ्या दिवशी फोन येतो. पहिल्या दिवशी खोकं उघडून तवा घरातल्या सगळ्यांना दाखवून होतो. दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यावर घावन पडतं. तिसऱ्या दिवशी कामं आटपली की ताई मला फोन लावतात. "तवा चिकटतोय हो." नाहीतर, "एका रात्रीत गंज चढला बघा तुमच्या तव्याला."

कोल्हापुरात आमचा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भांड्यांचा लहानसा व्यवसाय आहे. तवे, कढया, आप्पेपात्रं. ओतकाम शिरोलीच्या एका फौंड्रीत करून घेतो. घासकाम, तेल लावणं आणि पॅकिंग घरामागच्या शेडमध्ये चालतं. मी, माझ्या जाऊबाई आणि मदतीला दोघी. 2019 साली सुरुवात केली तेव्हा ग्राहक गावातलेच होते. शेडवर यायचे, मी समोर तवा तापवून दाखवायची, काम भागायचं. पुढं माल कुरिअरनं बाहेर जायला लागला, आणि ते समोर दाखवणं तेवढं खोक्यात घालायचं राहून गेलं.

ठाण्याच्या एका ताईंचा तवा त्यापायीच गेला. घावनं झाली आणि तवा गरम असतानाच त्यांनी तो नळाखाली धरला. टक् असा आवाज आला, काठापासून मधोमध तडा. बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो, म्हणून ते कडक असतं पण ठिसूळ. एकदम गार झालं की तडकतं. पोळीचा पत्र्याचा तवा हे सहन करतो, आणि बहुतेकींच्या हाताला त्याचीच सवय असते. ताई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गरम तव्यावर पाणी घालू नका असं कुठं लिहिलं होतं का? मी खोकं परत काढून शोधलं." कुठंच लिहिलं नव्हतं. त्यांना मी दुसरा तवा पाठवला, आणि त्याच आठवड्यात पहिला व्हिडिओ करायला घेतला.

त्यानंतर बरेच व्हिडिओ केले, त्यातले निम्मे टाकून दिले. त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहिते. तुम्ही घरघंटी विकत असा, बॅटरीचा फवारणी पंप विकत असा की हातानं विणलेल्या साड्या, पद्धत तीच राहील.

आधी वही, मग मोबाईल

कॅमेरा हातात घेण्याआधी महिनाभर एक वही फोनशेजारी ठेवा. ग्राहकाचा फोन आला की त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. आपल्या शब्दांत नाही, त्याच्याच शब्दांत. हे मी मुद्दाम सांगते, कारण सुरुवातीला मी "तेल जास्त झालं" असं लिहायची. ते माझं निदान झालं. ग्राहक म्हणाला होता, "तवा बोटाला चिकट लागतोय." दुसरी म्हणाली होती, "तव्यावर डांबरासारखे ठिपके पडलेत." तिसरी म्हणाली, "तेल लावलं तसं वाळतच नाही." तिघींचं कारण एकच, पण त्यांना ते कारण ठाऊक नाही म्हणून तर त्यांनी फोन केला. त्या शोधणार ते त्यांच्या शब्दांनी, आणि व्हिडिओचं नाव तेच असलं तरच त्यांना वाटणार की हा माझ्यासाठी आहे.

शब्दांवरनं आठवलं. नव्या तव्याला तेल लावून, तापवून तो तयार करतात, त्याला आम्ही सगळीकडे "सीझनिंग" लिहायचो. इंटरनेटवर सगळे तेच म्हणतात. कणकवलीच्या एका आजींनी विचारलं, "हे दर सीझनला करायचं का? पावसाळ्याआधी?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही "नवा तवा तयार करणे" असं लिहितो. तुमच्या धंद्यातले जे शब्द तुम्हाला घरचे वाटतात, ते एकदा दहावीतल्या मुलाला आणि सत्तरीतल्या बाईंना वाचायला द्या.

तेच वाक्य पुन्हा आलं की त्यापुढं एक रेघ ओढायची. महिन्यानंतर वहीत ज्या वाक्यापुढं सगळ्यांत जास्त रेघा असतील, तो तुमचा पहिला व्हिडिओ. आपल्याला जे सांगावंसं वाटतं तो नाही. मला बिडाचा इतिहास, फौंड्रीतला लाल रस, वाळूचे साचे हे सगळं सांगायची फार हौस होती. वहीत त्याच्यापुढं एकही रेघ नव्हती. तो व्हिडिओ मी नंतर केला, विक्रीसाठी केला, आणि वापराच्या व्हिडिओंत तो मिसळला नाही.

माझा पहिला व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता: "बिडाच्या तव्याची संपूर्ण निगा". सगळं होतं त्यात. तरी फोन तसेच येत राहिले. एका ताईंना मी विचारलं, व्हिडिओ पाहिला नाही का? म्हणाल्या, "पाहायला घेतला हो, पण माझं घावन तव्यावर चिकटलेलं, एका हाताला पीठ, मी सातव्या मिनिटापर्यंत कशी जाऊ?" तिथं मला कळलं की बाई व्हिडिओ लावते ती शिकायला बसलेली नसते, ती अडलेली असते. एक व्हिडिओ एका अडलेल्या जागेसाठी. त्या अकरा मिनिटांचे पुढं सहा तुकडे झाले, प्रत्येक मिनिट-दीड मिनिटाचा.

शेजारच्या काकूंना तवा द्या आणि गप्प बसा

सगळ्या पद्धतीत हा भाग सगळ्यांत मोलाचा आहे, आणि बहुतेक जण तो टाळतात कारण गप्प बसणं जड जातं.

तुमची वस्तू कधीच न वापरलेलं एक माणूस शोधा. त्याला वस्तू द्या, तुम्ही लिहिलेल्या सूचना द्या, आणि समोर बसा. मदत करायची नाही. विचारलं तरी "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणायचं. हातात कागद ठेवा आणि हात जिथं जिथं थांबतो ते लिहा.

आमच्या शेजारच्या काकूंना मी नवा तवा आणि आमचं कार्ड दिलं. कार्डावर लिहिलं होतं, "तेलाचा पातळ थर लावा." काकूंनी फोडणीची पळी घेतली, अर्धी पळी शेंगतेल तव्यात ओतलं आणि बोटांनी छान पसरलं. त्यांच्या हिशेबानं तो पातळच थर होता, धिरड्याला लावतात त्याहून कमीच. माझ्या हिशेबानं पातळ म्हणजे तेल लावून कोरड्या सुती फडक्यानं पुसून काढलेलं, तवा जवळजवळ कोरडा दिसेल इतकं. तापल्यावर तेल आळून त्याची पापुद्र्यासारखी कडक साय धरते, ती साय म्हणजेच तयार तवा. थर जाड असला की वरचं आळतं, खालचं डिंकासारखं राहतं. "चिकट लागतोय" हे फोन तिथूनच येत होते. आमच्याच "पातळ" या एका शब्दातून.

आता कार्डावर असं आहे: "मधल्या बोटाच्या टोकाला मावेल एवढं तेल घ्या, सगळीकडे चोळा. मग कोरड्या फडक्यानं पुसून काढा. पुसल्यावर तव्यावर बोट टेकवा. बोटाचा ओला ठसा दिसला तर अजून पुसा." ठसा दिसतो किंवा दिसत नाही. त्यात पातळ-जाड असा वाद उरत नाही.

मग काकू वाचू लागल्या, "मंद आचेवर दहा मिनिटं." त्यांच्या शेगडीचा मोठा बर्नर बारीक केला तरी आमच्या मध्यम आचेइतका पेटतो. पाचव्या मिनिटालाच तव्यातून धूर. त्या घाबरून माझ्याकडं बघायला लागल्या, मी ओठ आवळून बसले. मिनिटं लिहायला सोपी असतात, पण प्रत्येक घरचा गॅस वेगळा. तेव्हापासून आम्ही आधी खूण लिहितो आणि मागून वेळ: "तव्यातून हलका धूर दिसायला लागला की गॅस बंद करा. बहुतेक घरी याला पाच ते दहा मिनिटं लागतात. खिडकी उघडी ठेवा." तुमच्या वस्तूतही जिथं वेळ, वजन, "थोडं", "घट्ट", "नीट" असे शब्द असतील तिथं एक दिसणारी, ऐकू येणारी किंवा हाताला लागणारी खूण शोधा.

आणि तिसरी गोष्ट. तवा उतरवायला काकूंनी मोकळा हात पुढं केला. तेवढं मात्र मी ओरडले. आमच्या तव्याची मूठ बिडाचीच आहे, ती तव्याइतकीच तापते. हे मी कुठंही लिहिलं नव्हतं, कारण मला ते कधी सुचलंच नाही; माझा हात मूठ धरण्याआधी आपसूक फडकं उचलतो. वर्षानुवर्षं काम करणाऱ्या हाताला जे आपसूक जमतं, नेमकं तेच सांगायचं राहून जातं. म्हणून हे दुसऱ्याच्या हातातच बघावं लागतं, स्वतःच्या नाही.

इथं कायद्याचंही थोडं सांगते, कारण मला ते उशिरा कळलं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 84 प्रमाणे इजा टाळण्यासाठी वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा वस्तूसोबत नसेल तर उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या मालावर आपला शिक्का मारणाराही तिथं उत्पादकच. त्यामुळे भाजणं, कापणं, विजेचा झटका अशा गोष्टी फक्त व्हिडिओत सांगून भागत नाही. व्हिडिओ कुणी बघेल, कुणी बघणार नाही. त्या छापून वस्तूसोबतच गेल्या पाहिजेत. आमच्या कार्डावर सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत दोनच ओळी आहेत: "मूठ तापते, फडक्यानंच धरा. गरम तव्यावर गार पाणी घालू नका, तवा तडकतो."

काळ्या तव्याचा व्हिडिओ काढताना

महागडा कॅमेरा लागत नाही. माझे सगळे व्हिडिओ घरातल्या मोबाईलवर काढलेत. पण काळी वस्तू मोबाईलला चकवते, ते आधी सांगते. पडदाभर काळा तवा दिसला की मोबाईलला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळून टाकतो. तवा राखाडी दिसतो, हात पांढरे फटफटीत, आणि तेलाचा ठसा, जो दाखवायला सगळा खटाटोप केला, तो दिसतच नाही. उपाय सोपा आहे. पडद्यावर आपल्या हाताच्या जागी बोट दाबून धरा. उजेड आणि फोकस तिथं पक्के होतात. शेजारी सूर्याचं लहान चिन्ह दिसतं, ते थोडं खाली ओढा. आता तवा काळा, हात हातासारखा आणि तेलाची चमक वेगळी दिसते. पांढऱ्या वस्तू विकणाऱ्यांना, खादी म्हणा किंवा चिनी मातीची भांडी म्हणा, याच्या उलट करावं लागेल. तिथं मोबाईल सगळं काळवंडून टाकतो.

उजेड खिडकीचा, आणि तोही बाजूनं येणारा. वरच्या ट्यूबलाइटची पांढरी पट्टी तेलकट तव्यात आरशासारखी उमटते. आमच्या ओट्याला साडेआठ ते दहा चांगला उजेड असतो, तेवढ्यात उरकते.

मोबाईल ठेवायचा तो काम करणाऱ्याच्या खांद्यापाशी, जरा उंच, म्हणजे बघणाऱ्याला ते हात स्वतःचेच वाटतात. समोरून काढलं की डावं-उजवं उलटं होतं आणि बघणारी गोंधळते. बरोबर तव्याच्या वर मोबाईल टांगला तर वाफ भिंगावर बसते, दोन मिनिटांत सगळं धुकं.

पहिले व्हिडिओ आम्ही शेडमध्ये काढले होते, स्टीलचं टेबल, मोठी भट्टी, मागं आमच्या नावाचा फलक. बघणाऱ्या म्हणायच्या, "तुमचा गॅस मोठा आहे हो, आमच्याकडे नाही तसं होत." आता घरच्या दोन बर्नरच्या शेगडीवर काढतो, बाजूला डबे, मागं भिंतीवरच्या टाइल्स. इंडक्शनवाल्यांसाठी वेगळा काढला, कारण तिथं तवा एकदम जोरावर ठेवला की मधोमध पटकन तापतो आणि कडा गार राहतात; कमीवर सुरू करून हळूहळू वाढवायचं. परदेशी असलेल्या मुलींना आया तवे घेऊन जातात, तिकडं काचेच्या शेगड्या, त्यांच्यासाठी त्याच व्हिडिओत एक वाक्य आहे: तवा काचेवर सरकवू नका, उचलून ठेवा.

बिघडलेली वस्तू दाखवायला लाजू नका. व्यवसाय करणाऱ्याला वाटतं, आपलाच गंजलेला तवा आपण कशाला दाखवायचा? पण जिच्या हातात गंजलेला तवा आहे तिला पहिल्या पाच सेकंदांत तोच दिसला पाहिजे, नाहीतर ती पुढं बघणार नाही. आम्ही एक तवा मुद्दाम ओला करून रात्रभर मोरीत ठेवला. सकाळी नारिंगी झाला. व्हिडिओ तिथूनच सुरू होतो, नमस्कार नाही, नाव-गाव नाही. "गंज आलाय? तवा वाया गेलेला नाही." मग तारेच्या घासणीनं घासणं, धुणं, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करणं, तेल, पुसणं, धूर. शेवटी तोच तवा काळा. एवढंच.

कुठं कापायचं आणि कुठं नाही

सगळ्यांत जास्त रेघा ज्या वाक्यापुढं होत्या ते म्हणजे "घावन चिकटतंय". तो व्हिडिओ मी चार वेळा काढला, आणि कापाकापीबद्दल जे काही शिकले ते त्यातच शिकले.

तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं. ओल्या बोटांनी पाणी शिंपडलं की थेंब नुसते वाफ होत नाहीत, मण्यांसारखे गोल होऊन पळतात, ती पहिली खूण. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. आमच्या सासूबाई नारळाची शेंडी वापरतात, तीही चालते. मग पीठ तळापासून ढवळायचं, दर घावनाआधी ढवळायचं, कारण तांदळाचं पीठ तळाशी बसतं आणि वर नुसतं पाणी राहतं. कडेकडेनं आत असं ओतायचं. झाकण. इथवर सगळ्या जणी बरोबर करतात. चूक पुढं होते. झाकण काढलं की लगेच उलथनं घालतात. घावन अजून सुटलेलं नसतं, ते फाटतं, तुकडे तव्याला चिकटतात, आणि दोष तव्याला.

कडा आपोआप उचलल्या जाईपर्यंत थांबायचं, एवढाच उपाय आहे. व्हिडिओत ते थांबणं चाळीसेक सेकंदांचं होतं. काहीच होत नाही. तव्यावर पांढरं घावन, बारीक चर्र असा आवाज, तो हळूहळू कमी होत जातो, मग डाव्या बाजूची कड केसभर वर येते, मग उजवीकडची. व्हिडिओ जोडते माझी लेक. ती म्हणाली, "आई, हे कापते, बघणारे पळून जातील." पहिल्यांदा मीही कापू दिलं. मग काकूंना दाखवलं. त्यांनी व्हिडिओ बघत बघत घावन घातलं, आणि व्हिडिओतलं घावन झटकन उलटलं म्हणून त्यांनीही झटकन उलटलं. फाटलं. आता ते चाळीस सेकंद पूर्ण ठेवलेत. मी मध्ये बोलते, "अजून नाही. कड बघा. अजून नाही." बघणारी माझ्याबरोबर थांबते, तिचं घावन सुटतं.

म्हणून कापताना हे बघा: तवा धुणं, पुसणं, डबा उघडणं कापा; ज्या जागी धीर धरणं हेच काम आहे ती जागा राहू द्या. शिलाई मशीनमध्ये दोरा ओवणं असो की रंग वाळणं, तुमच्या कामातही अशी एखादी जागा असेलच.

आवाजाबद्दल. चर्र हा आवाज राखा, तोच सांगतो तवा किती तापलाय. बाकी एक्झॉस्ट पंखा, नळ, कुकर सगळं बंद. बोलणं नंतर वेगळं भरा, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसून, तिथं घुमत नाही. मी लिहून वाचायला लागले की "त्यानंतर तवा स्वच्छ करून घ्यावा" असं बातम्यांसारखं व्हायचं. लेकीनं युक्ती काढली. ती दुसऱ्या खोलीतून मला फोन करते, ग्राहकासारखं विचारते, मी उत्तर देते, आणि तेच रेकॉर्ड होतं. फोनवर आपण जितकं सरळ बोलतो तितकं कागद हातात घेऊन कधीच बोलत नाही.

पडद्यावर अक्षरं थोडी आणि मोठी, वरच्या भागात. खालचा भाग बटणांनी झाकला जातो. व्हिडिओ जोडायच्या काही ॲपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात, "दुसऱ्या", "घट्ट", "स्वच्छ" हे शब्द एकदा टाकून बघा आणि मगच ते ॲप वापरा. गाणी घालू नका. हक्कांची भानगड होतेच, शिवाय चर्र ऐकू येत नाही.

पोचवायचं कसं

आमची मोठी चूक इथं झाली. कार्डावर क्यूआर कोड हवा म्हणून एका वेबसाइटवर फुकट बनवून घेतला आणि पाचशे कार्डं छापली. काही दिवसांनी कोड स्कॅन केला की व्हिडिओऐवजी पैसे भरा असं पान उघडायला लागलं. तो कोड थेट व्हिडिओकडं जात नव्हता, त्या वेबसाइटवरून वळून जात होता, आणि फुकटची मुदत संपली होती. सगळी कार्डं रद्दीत गेली. क्यूआर करताना तो थेट तुमच्याच दुव्याचा आहे ना, हे बघा: स्कॅन केल्यावर मोबाईलवर जो पत्ता दिसतो तो यूट्यूबचा किंवा तुमच्या वेबसाइटचा असला पाहिजे, मधल्या तिसऱ्या कुणाचा नाही.

दुसरी गोष्ट, यूट्यूबवर एकदा चढवलेला व्हिडिओ त्याच दुव्यावर बदलता येत नाही. नवा चढवला की नवा दुवा. म्हणून क्यूआर एका व्हिडिओचा करू नका, प्लेलिस्टचा करा. प्लेलिस्टचा दुवा तोच राहतो, आतले व्हिडिओ हवे तेव्हा काढा-घाला. आमच्या प्लेलिस्टमध्ये "घावन चिकटतंय" पहिला आहे, वहीतल्या क्रमानंच.

कार्ड खोक्यात सुटं टाकलं की खोक्याबरोबर जातं. आम्ही ते सुतळीनं तव्याच्या मुठीलाच बांधतो. जाड कागद, वरून लॅमिनेशन, कारण ते ओट्याशेजारीच राहणार आणि तेलकट होणार. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आमचे बरेच तवे बेळगाव-निपाणीकडं जातात. कन्नड मजकूर तिकडच्याच एका ग्राहक ताईंकडून वाचून घेतला, नुसत्या मोबाईलच्या भाषांतरावर सोडला नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवता येतात. तिरकी रेघ टाकली की यादी उघडते. आमच्याकडे "गंज", "चिकट", "घावन", "चिंच" अशी नावं आहेत. (चिंच-कोकम-टोमॅटोचं आंबट बिडाच्या कढईत शिजवलं की वरची साय निघते आणि आमटी काळी पडते, त्याचाही व्हिडिओ आहे.) व्हिडिओ थेट पाठवण्यापेक्षा दुवा पाठवते, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि बोटाचा ठसा, केसभर उचललेली कड असलं बारीक काही दिसत नाही.

पण नुसता दुवा फेकायचा नाही, हे मी मदतनीस दोघींनाही सांगून ठेवलंय. आधी तव्याचा फोटो मागवायचा. फोटो बघून एक वाक्य आपलं लिहायचं, "ताई, तेल जरा जास्त झालंय, तवा चांगला आहे," आणि मग दुवा. आणि शेवटी, "झालं की फोटो पाठवा." फोटो येतात. ज्यांचे येत नाहीत त्यांना चार दिवसांनी आम्ही विचारतो, कारण तो व्हिडिओ कुठं अपुरा पडला हे त्यांच्याकडूनच कळतं. ज्या आजी व्हिडिओ बघत नाहीत त्यांना मी फोनवर कार्ड वाचून दाखवते, त्या तवा गॅसवर ठेवतात, मी थांबते, त्या सांगतात, "आला गं धूर." त्यांच्यासाठी तोच व्हिडिओ.

सध्या वहीत नवं वाक्य वर चढतंय: "मधलं आप्पं करपतं आणि कडेचं कच्चं राहतं." लहान बर्नर, तापेपर्यंत आच मंद, कडेचे खळगे आधी भरायचे, मधला शेवटी, काढताना मात्र मधलं आधी. उद्या सकाळी पीठ फुगलं असेल तर साडेआठला काढायला घेणार आहे. काल काकूंना आप्पेपात्र देऊन समोर बसले होते. सगळं ठीक चाललं, आणि उलटायची वेळ आली तशा त्या ओट्यावर काहीतरी शोधत उभ्या राहिल्या. कशानं उलटायचं हे मी लिहिलंच नव्हतं. म्हणून उद्याच्या व्हिडिओत सुरुवातीलाच, पीठ ओतायच्या आधी, चमच्याचा दांडा दाखवायचाय.